खोटारडा टॉवेल

प्रार्थनामंदिरात पाय ठेवायला जागा नव्हती. खिडक्यांनाही माणसं लटकली होती. वेदीपुढे पाण्याने भरलेलं काचेचं भांडं होतं. पाळकसाहेबांनी दोन्ही हात त्यात बुडवून वर काढले. पाणी स्वच्छच.

"हालेलुया!" मंडळी गरजली.

"खऱ्याचे हात हे पाणी ओळखतं," पाळकसाहेबांचा आवाज भरून आला, "आणि खोट्याचे हात लागताच रक्ताचे अश्रू ढाळतं!"

गडी बोलण्यात पटाईत. पाण्याला डोळे कुठून फुटले, हे विचारायची कोणाची प्राज्ञा नव्हती.

परीक्षा माझ्या नऊ वर्षांच्या भाचीची होती. रविवारच्या शाळेनंतर पाळकसाहेब मुलांना मागच्या खोलीत नेतात, कडी लावतात आणि पट्ट्याने फोडून काढतात, असं ती घरी बोलली होती. तिच्याआधी असं बोललेली चार मुलं या भांड्यापुढे खोटी ठरली होती. खोट्याला सगळ्यांदेखत वीस छड्या, आणि मुलाचे हात आईबापांनीच धरायचे, असा नेम. भाचीला माझ्या बहिणीनेच ओढत आणलं होतं. पोरीच्या गालावर आईची बोटं उमटली होती.

"ताई, आधी तिची पाठ तरी बघ!"

"पाठ कशाला? पाणी सांगेल ना!"

मला तिचा भयंकर राग आला.

पाळकसाहेबांनी ओलसर टॉवेलने भाचीचे हात मायेने पुसले आणि पाण्यात बुडवले. पाणी गुलाबी झालं, मग लालभडक. बायका किंचाळल्या. ही परीक्षा मी पहिल्यांदाच बघत होतो. मी कॉलेजच्या रसायनशाळेत सहायक आहे. हा रंग मी वीस वर्षं रोज बाटल्यांतून धुतोय. मी पुढे धावलो, तर मंडळीच्या दोन पंचांनी मला धरून नाकावर ठोसा हाणला.

छडी कडाडली. एक. दोन. पोर ओरडली, "आई, सोड ना!" ताईने हात आणखी घट्ट धरले. तिसऱ्या छडीला फ्रॉक मागून उसवला आणि ताईला पाठ दिसली. जुने, काळेनिळे वळ. दोन ठिकाणी पट्ट्याच्या बकलाचा चौकोन मांसात रुतलेला. छडीने चौकोन उमटत नाही. ताईने पोरीचे हात सोडले आणि तिला पोटाशी ओढलं.

"ताई, टॉवेल!" मी रक्त थुंकत ओरडलो. "टॉवेल बघ!"

ताईची लाँड्री आहे. पाळकांच्या झग्यापासून वेदीच्या कापडापर्यंत मंदिराचं सगळं धुणं नऊ वर्षं तिच्याकडे येत होतं. तिने टॉवेल उचलून बोटांत चोळला.

"हा कधी धुवायला आला नाही माझ्याकडे. आणि हा बुळबुळीतपणा... अहो, हा धुण्याचा सोडा आहे!"

"सैतान शिरलाय हिच्यात!" पाळकसाहेब गरजले.

शेजारच्या काचेच्या जगमध्ये उरलेलं पवित्र पाणी होतं. ताईने टॉवेल त्यात कोंबला. जगमधलं पाणी लालभडक झालं.

"बघा! टॉवेलपण खोटं बोलतोय! मारा ना त्याला वीस छड्या!"

पाळकसाहेबांनी छडी तिच्याच डोक्यात घातली. रक्ताची धार डोळ्यावरून उतरली. हे रक्त मात्र खरं होतं. पंचांचे हात ढिले पडले आणि मी सुटलो.

"पाण्यात फिनॉल्फ्थेलीन आहे," मी सांगितलं. "त्याला रंग नसतो, सोडा लागला की ते लाल होतं. यांच्या हातांना सोडा नव्हता. मुलांचे हात हे आधी या टॉवेलने पुसायचे. चमत्कार एवढाच!"

थोरले पंच पुटपुटले, "आपसात मिटवू. देवाच्या घराची अब्रू..."

"अब्रू?" मी भडकलो. "चार पोरांनी खरं सांगितलं आणि तुम्ही त्यांना बडवलंत! देवाला खुशाल माना. पण मूल काही सांगू लागलं तर ते भांड्याला विचारू नका. मुलाचं ऐका, डॉक्टरला दाखवा, पोलिसांत जा. आणि मुलांच्या खोलीला आतून कडी नको, मग आत कोणीही असो!"

मागच्या बाकावरून एक सुतार उठला. "माझा पोरगाही हेच सांगत होता हो," तो म्हणाला आणि हुंदके देऊ लागला. दोघातिघांनी पाळकसाहेबांना बाकावर दाबून बसवलं. फोन त्या सुतारानेच लावला.

पोलीस चौकीत भाची तासभर बोलत होती. बाई हवालदार लिहून घेत होत्या. ताई डोक्याला फडकं बांधून शेजारी बसली होती. मधे कोणी बोललं नाही, कोणी पुरावा मागितला नाही. पहिल्या मुलाच्या वेळीच आम्ही एवढं करायला हवं होतं.