दुसरी सही

आमच्या अंबरनाथच्या घरात गॅसवर दूध एकट्याने तापवता येत नाही. बाबा मागे येऊन उभे राहतात. नुसते उभे. माई वैतागते, "फोडणीला पण पहारा लागतो का हो?" तरी हलत नाहीत. एमआयडीसीतल्या केमिकल कंपनीत तीस वर्षं काढली, त्याची खोड असेल म्हणून आम्ही सोडून दिलं होतं.

मी गेम बनवते. सध्याचा गेम जुन्या काळातल्या एका किमयागाराचा. भट्टीवर पारा, गंधक, मुळ्या घालायच्या आणि औषधं काढायची. किमयेची सगळी सिस्टीम माझी, आठ महिने घासलेत त्यावर. आणि खेळून बघणाऱ्यांनी एका ओळीत निकाल लावला, 'चुकलं तरी काही वाटत नाही.' सोमवारपर्यंत सुधारलं नाही तर किमयाच काढून टाकणार, असं वरून सांगण्यात आलं. माझं डोकंच फिरलं. शनिवारी सकाळी लॅपटॉप बाबांपुढे ठेवला. म्हटलं, जन्मभर रसायनांचे रिअॅक्टर चालवलेत, तुम्हीच बघा.

त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं.

"नेत्रा, हा भट्टीपाशी एकटाच का?"

"गेम आहे बाबा. एकच खेळाडू असतो."

"रिअॅक्टरमध्ये माल एकट्याने टाकायचा नसतो. एक जण टाकतो, दुसरा ड्रमवरचं नाव वाचून बघतो आणि शेवटपर्यंत थांबतो. शीटवर दोघांच्या सह्या." मग म्हणाले, "आम्ही दुसरी सही आधीच ठोकून ठेवायचो. सगळेच. त्या दिवशी हरिचंद्र टाकणार होता. मी सही केली आणि चहाला गेलो."

चिखलोलीचे हरिचंद्रकाका मला आठवतात. उन्हाळ्यात आमच्याकडे ताडगोळे घेऊन यायचे. कंपनीतल्या अपघातात गेले, एवढंच मला माहीत होतं.

"त्याने चुकीचा ड्रम उचलला. चौकशीत माझी सही निघाली. कागदावर मी तिथेच होतो ना. मी सगळं तपासलं होतं, घोळ त्यानेच नंतर केला, असं ठरलं. मी तोंड उघडलं नाही."

स्वयंपाकघरात माईने गॅस बंद केला.

खरं सांगते, माझ्या डोक्यात आधी आलं ते 'सापडलं!' मग स्वतःचीच इतकी लाज वाटली की बाबांकडे बघवेना. त्यांचा रागही आला. तो अजून गेलेला नाही.

"हे गेममध्ये घेऊ?" मी विचारलं.

"घे. पण दुसऱ्याला जाता येईल असं ठेव. नाहीतर थांबण्याला काय अर्थ?"

रविवारभर बसून मी खेळाडूलाच तो दुसरा केला. किमयागार माल टाकणार, आपण बघायचं, थांबायचं आणि सही करायची. हवं तर आधीच सही करून बाजारात जायचं. बहुतेक वेळा काहीच बिघडत नाही.

संध्याकाळी बाबा खेळायला बसले. गेमने किमयागाराचं नाव विचारल्यावर त्यांनी एका बोटाने 'हरिचंद्र' टाइप केलं. भट्टी उकळायला सात मिनिटं लागतात. बाजाराचं बटण सारखं लुकलुकत होतं. माईने चहा आणून ठेवला, त्याला त्यांनी हात लावला नाही. औषध तयार झालं, मग त्यांनी सही केली.

"आता हा घरी जाईल ना?"

आठ महिन्यांत किमयागाराला घर काढायचं मला सुचलंच नव्हतं. सोमवार डोक्यातून गेला होता.

"जाईल," मी म्हटलं, आणि त्याचं घर काढायला बसले.