दोन पोती आणि मागची सीट

जयदीप दाजींनी गाडी घेतली तेव्हा तिचे सगळे आकडे त्यांना पाठ होते. शून्यावरून शंभरला किती सेकंदांत जाते, टर्बो कधी जागा होतो, टायर किती रुंद आहेत. मी विचारलं, डिकी केवढी आहे? ते हसले. "विजू, ही गाडी काय भाजी आणायला घेतलीय का?"

उत्तर मला मागं बसल्यावर मिळालं. दार अरुंद, खिडकी मागे वर चढत गेलेली, त्यामुळे बाहेरचं फारसं दिसत नाही. पुढच्या माणसानं सीट आपल्या सोयीनं सरकवली की मागच्याचे गुडघे तिला टेकतात. दाजींचे वडील हिंदुराव, ज्यांना घरात सगळे अण्णा म्हणतात, कायम पुढं बसत. गुडघा दुखतो म्हणून त्यांची सीट पार मागं सरकवलेली. त्यांच्या मागं माणूस मावत नसे. म्हणून माझी मोठी बहीण वर्षाली नेहमी दाजींच्या मागं, उजव्या बाजूला बसायची. तिनं पुढं बसावं असं कुणी कधी म्हटलं नाही आणि तिनंही विचारलं नाही. पुनावळ्यातल्या त्या घरात सासरा गाडीत असताना सून पुढं बसत नाही.

आम्ही थेरगावच्या. वडील लातूरहून कंपनीत कामाला आले आणि इथेच राहिले. मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि चाकणला गाड्यांच्या सीट बनवणाऱ्या एका कंपनीच्या चाचणी विभागात लागले. आमचं काम म्हणजे सीट मोडून बघणं. डिकीत वजनाचे ठोकळे ठेवायचे, गाडीचा सांगाडा वेगात नेऊन थांबवायचा आणि मागच्या सीटची पाठ तग धरते का ते पाहायचं. हे बघून आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी वर्षालीच्या मागं लागले होते, की मागं बसलीस तरी बेल्ट लाव. ती लावायला लागली. त्यावरून दाजी तिला चिडवायचे, "मॅडम, विमान सुटतंय का?"

अपघात मार्चमध्ये झाला. दाजी, अण्णा आणि वर्षाली मावळात अण्णांच्या बहिणीकडे गेले होते. तिनं पन्नास-पन्नास किलोची दोन पोती तांदूळ दिला. डिकी छोटी, पोती मावेनात. दाजी म्हणाले, एक राहू दे. अण्णा म्हणाले, बसवतो बघ. त्यांनी मागच्या सीटची पाठ पुढं पाडली, पोती आत रेटली आणि वर्षालीला बसता यावं म्हणून पाठ दाबून पुन्हा उभी केली. अण्णा तरुणपणी पहिलवान होते. त्यांनी पोती कशी एकट्यानं बसवली आणि खट् आवाज येईपर्यंत पाठ कशी दाबली हे घरात नंतरही कौतुकानं सांगितलं जायचं.

जुन्या हायवेवर, सोमाटण्याच्या अलीकडे, पुढचा कंटेनर थांबला आणि दाजींचा ब्रेक अपुरा पडला. वेग फार नव्हता, चाळीसच्या आसपास. दाजींचं मनगट मुरगळलं. अण्णांच्या कपाळाला खरचटलं. वर्षालीचा कमरेतला मणका तुटला. तिला पायांची जाणीव नाही, आणि ती परत येईल असं कुठल्याच डॉक्टरनं म्हटलेलं नाही.

पुढची दोघं चालत घरी आली आणि मागची नाही, याला कारण हवं होतं. ते अण्णांना जागेवरच सापडलं. त्यांनी मागचं दार उघडलं तेव्हा बघ्यांपैकी दोघं आधीच आत वाकले होते, वर्षाली सीटवरून खाली घसरली होती आणि बेल्ट सुटा लोंबत होता. मागं बेल्ट लावतं कोण? प्रश्न मिटला.

जूनमधल्या एका रविवारी मी तिच्या खोलीत बसले होते. बाहेर बैठकीत शेजारची एक बाई भेटायला आली होती. वर्षालीच्या सासूबाई, कुसुमताई, तिला सगळं सांगत होत्या. दार उघडंच होतं.

"आमी काय कमी सांगितलं व्हय? पन आजकालच्या पोरींचे ड्रेस चुरगळत्यात."

"नशीब बाई एकेकीचं."

"नशिबाचं कशाला नाव घेता? बेल्टचं घ्या."

वर्षाली छताकडे बघत होती. "दर आठवड्याला आहे हे," ती म्हणाली. "चहा, बिस्कीट आणि माझा बेल्ट."

"तू लावला होतास. मला माहितीय."

"तुला माहिती नाही. तुला वाटतंय. तू शिकलेली आहेस ना, मग माहिती करून घे."

मग तिनं उजवा खांदा दाखवला. तिथून खाली छातीवरून तिरका वळ उठला होता म्हणे, काळानिळा. तिनं तो सासूबाईंना दाखवला होता. आपटलीस त्याचा असेल, असं त्या म्हणाल्या. आता तो वळही गेला होता.

"दाजी काय म्हणतात?"

"त्यांचं लक्ष रस्त्यावर होतं म्हणे." ती म्हणाली. "असतं तर बरं झालं असतं."

मी हसले नाही. "त्यांनी मला दोष दिला तर देऊ दे. पण एवढ्या वेळा ऐकून आता मलाच वाटायला लागलंय, की खरंच लावला होता का. पाय गेले ते गेले. हे तरी माझं मला कळू दे. गाडी अजून चाकणला पडलीय. बघून ये."

गाडी इकबालभाईंच्या गॅरेजमागच्या मोकळ्या जागेत होती. मंडईकडे जाणाऱ्या ट्रकांची रांग लागलेली, आणि सगळीकडे सडक्या कांद्याचा वास. इकबालभाई पुनावळ्याच्या अर्ध्या गाड्या बघतात. त्यांनी पुढचा चेपलेला भाग दाखवायला सुरुवात केली. मी मागचं दार उघडलं.

"मागं काय बघणार, ताई? मागून कुणी ठोकलीच नाही."

"म्हणूनच बघतेय."

ते बॅटरी घेऊन आले.

आधी बेल्ट. अपघातात माणसाचं वजन बेल्टवर येतं तेव्हा पट्टा वरच्या कडीतून जोरात घासत जातो आणि तिथलं कापड किंचित वितळून चकाकतं. डाव्या बाजूचा पट्टा मी पूर्ण बाहेर ओढला. नव्यासारखा मऊ होता. उजवा ओढला. मधोमध बोटभर रुंदीची चकचकीत, कडक रेघ होती. मी तिच्यावरून नख फिरवलं. परत फिरवलं. रिकाम्या बेल्टवर अशी रेघ येत नाही. तिला बाहेर काढायला वाकलेल्या त्या दोघांनी तो सोडला असणार.

तिथेच थांबून निघता आलं असतं. पण तिनं बेल्ट लावला होता, तर मणका कसा तुटला?

सीटची उजवी पाठ पुढं कलंडलेली होती. मागं पोती फाटून तांदूळ सांडला होता, त्यात किडे झाले होते. पाठीच्या वरच्या कोपऱ्यात तिचा लॉक असतो. पाठ उभी केली की त्याचा जबडा गाडीच्या अंगाला असलेली लोखंडी कडी पकडतो. मोठ्या जोरानं लॉक तुटला असता तर जबडा वाकलेला दिसला असता, कडी ताणलेली दिसली असती. दोन्ही सरळ होते. जबड्यात मात्र काहीतरी अडकलं होतं. चिमट्यानं ओढलं तर पांढऱ्या प्लॅस्टिकच्या विणीचा तुकडा निघाला, निळ्या पट्ट्याचा. खाली पडलेल्या पोत्याचा एक कोपरा तेवढाच फाटलेला होता. तुकडा तिथं ठेवून पाहिला. बसला.

इकबालभाई बघत होते. "खटका लागलाच नाही."

"अण्णा म्हणतात, आवाज आला होता."

"आवाज येणारच. मधे कापड असलं तरी खट् म्हणतो. पण धरत नाही." त्यांनी लॉकजवळच्या लाल पट्टीवर बोट ठेवलं. पाठ नीट बसली नाही तर ही पट्टी वर दिसते. "हे कोण बघतं, ताई? लोक आरसा बघतात, स्टिअरिंग बघतात."

मी फोटो काढले. निघताना ते म्हणाले, "माझं नाव घेऊ नका. घाबरून नाही सांगत. आमच्या पोरीच्या, उझ्माच्या लग्नात अण्णा दिवसभर मांडवाच्या दारात उभे होते, घरच्यासारखे. त्यांना हे माझ्याकडून कळायला नको."

परतीच्या बसमध्ये मी मोबाइलवर गणित मांडलं. चाळीसच्या वेगातली गाडी साधारण हातभर अंतरात थांबली, तर त्या क्षणी पन्नास किलोचं पोतं अर्ध्या टनाच्या जोरानं पुढं येतं. बेल्टनं तिला पुढून धरलं होतं. मागून न धरलेली सीट आणि तांदूळ आला. बेल्ट नसता तर काय झालं असतं, तेही मांडून पाहिलं. तेही बरं नव्हतं.

वर्षालीनं एकच विचारलं. "होता?"

"होता. रेघ आहे पट्ट्यावर. शंका नाही."

तिनं डोळे मिटले. मग म्हणाली, "मग पाठ कशी मोडली?"

मी फोटो दाखवले आणि पोत्याचं सांगितलं. निळ्या पट्ट्याचा तुकडा तिनं बोटांनी मोठा करून पाहिला.

"अण्णांना सांगितलंस?"

"नाही."

"सकाळ-संध्याकाळ तेच मला उचलतात. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून पलंगावर. ह्यांचं मनगट अजून दुखतं, सासूबाईंना जमत नाही. अण्णांनी उचललं की मला भीती वाटत नाही."

मी म्हटलं, "आपण फक्त बेल्टचं सांगू. पुढचं सांगायची गरज नाही."

"लगेच विचारतील, बेल्ट होता तर असं कसं झालं. मग काय सांगशील? तुला खोटं बोलता येत नाही. दहावीत माझ्यासाठी एकदा बोललीस तर आईला तुझ्या लाल झालेल्या कानांवरून कळलं होतं." तिनं मोबाइल मला परत दिला. "सांग. मी समोर असताना सांग."

चहाच्या वेळी मी तिची खुर्ची बैठकीत नेली. दाजी सेकंड शिफ्टला निघायच्या तयारीत होते. "आली आमची शास्त्रज्ञ," ते म्हणाले. "काय शोध लागला?"

मी रेघेचा फोटो दाखवला आणि ती कशानं पडते ते सांगितलं. कुसुमताईंनी चष्मा लावून पाहिलं. "रेघंचं काय एवढं? गाडी म्हनलं की रेघा पडायच्याच."

अण्णांनी मोबाइल हातात घेतला, लांब धरून पाहिला. "व्हय," ते म्हणाले. "लावला व्हता." मग वर्षालीकडे न बघताच म्हणाले, "आमचं चुकलं, पोरी. आमी उगाच बोललो." मोबाइल मला परत देत त्यांनी विचारलं, "मग हिला लागलं कशानं?"

मी दुसरा फोटो काढून त्यांच्या हातात दिला. पोतं त्यांनी लगेच ओळखलं. सांगताना मी शक्य तितके साधे शब्द वापरले, तरी प्रत्येक वाक्याच्या शेवटी तेच येत होतं, की पाठ उभी करताना कापड मधे आलं.

दाजी मधेच म्हणाले, "थांब. लॉकच डिफेक्टिव्ह असणार. केस टाकू कंपनीवर."

"लॉक चांगला आहे, दाजी."

"तुला काय जिंकायचंय, विजू?"

"गप रं," अण्णा म्हणाले. त्यांची नजर फोटोवरच होती. "म्या दाबली व्हती. आवाज आला व्हता."

"आवाज येतो, अण्णा. पण धरत नाही. धरलं नाही तर लाल पट्टी दिसते."

"ती कुनाला ठावं असती?"

गाडी ताब्यात घेतली त्या दिवशी मी शोरूममध्ये होते. ती पट्टी तिथल्या मुलानं दाखवली होती. दाजी तेव्हा बॉनेट उघडून उभे होते आणि "हां, हां" म्हणत होते. आत्ता ते बुटाची लेस बांधत होते. एक बांधून झाली, ती त्यांनी सोडली आणि परत बांधली.

दारातून बाहेर पडताना ते माझ्याजवळ थांबले. "बेल्टवर थांबली असतीस तर काय बिघडलं असतं?"

अण्णा उठून मागच्या अंगणात गेले. कुसुमताईंनी त्यांचा चहा झाकून ठेवला.

वर्षालीला फार वेळ बसवत नाही. पाठ दुखायला लागते, मग ओठ पांढरे पडतात. मी खुर्ची खोलीत नेली आणि कुसुमताईंनी व मी तिला पलंगावर ठेवायचा प्रयत्न केला. मी काखेतून धरलं, त्यांनी पाय धरले. अर्ध्यावर माझी पकड सुटली आणि ती खुर्चीच्या कडेवर तिरकी आदळली. ती ओरडली नाही, फक्त तिचा श्वास अडकला. कुसुमताई रडायला लागल्या. "अवो, या की इकडं," त्यांनी अंगणाकडे बघून हाक मारली.

अण्णा खोलीच्या दारापर्यंत आले आणि तिथेच थांबले. हात मागं बांधलेले. "शेजारच्या गणराजला बोलवा," ते म्हणाले. "माजं हात नकोत आता तिला."

"गणराज रोज येणारे का?" वर्षालीनं विचारलं.

त्यांनी उंबऱ्याकडे पाहिलं.

"अण्णा, मी अशी तिरकी किती वेळ बसू?"

ते आत आले. एक हात तिच्या पाठीमागून, एक गुडघ्यांखालून घातला. पूर्वी ते एका दमात तिला पलंगावर ठेवायचे. आज मधे एकदा थांबले, गुडघा पलंगाला टेकवला, मग ठेवलं. तिनं त्यांच्याकडे पाहिलं नाही. ती भिंतीकडे तोंड करून होती, पण सवयीनं तिचा एक हात त्यांच्या सदऱ्याला धरून होता. तो तिनं सोडला.

मी तिच्या पायांखाली उशी दिली. अण्णा दाराकडे वळले होते.

"सकाळी पण यायचंय," ती म्हणाली.

"व्हय," ते म्हणाले, आणि तिथेच उभे राहिले.