दोधूआबांचा झेंडा

म्हसावदच्या दोधूआबांनी भाजलेल्या वांग्याचा वास एकदा तापी ओलांडून गेला आणि पलीकडचं अख्खं वऱ्हाड मांडव सोडून अलीकडे आलं, नवरदेवासकट. नवरी तेवढी तिकडे राहिली. हे आबा स्वतः सांगतात. खरं-खोटं त्यांचं त्यांना माहीत. पण तोंडात घास असताना आबा कधी खोटं बोलत नाहीत, एवढं सारं गाव मानतं.

तर हे आबा एका रविवारी दुपारी नात ममताला घेऊन विसरवाडीच्या हायवेवरल्या नव्या हॉटेलात बसले. तिथे शेगडी टेबलाच्या पोटातच. समोर पुरुषोत्तमनगरचे हिलालअण्णा, त्यांच्या निर्मलाबाई आणि मुलगा भूपेंद्र. पोरांनी एकमेकांना कधीच पसंत केलं होतं. घोडं अडलं होतं ते अण्णांच्या होकारापाशी. अण्णांची हयात साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर गेलेली. उसाच्या गाडीचा नुसता खडखडाट ऐकून ते वजन सांगत, बैलाच्या गळ्यातली घंटा वजा करून. त्यांनी निरोप धाडला होता, "मी सोयरीक जेवताना जोखतो."

ईश्वर वेटरने टेबलावर स्टीलच्या काडीवरचा छोटा पुठ्ठ्याचा झेंडा उभा केला. "आबा, झेंडा उभा आहे तोवर आम्ही आणत राहणार. पुरे झालं की आडवा करायचा."

झालं! आमच्याकडे व्याह्यांच्या पंगतीत जो आधी 'पुरे' म्हणेल तो हलका. पुढच्या तीन लग्नांत त्याला ऐकावं लागतं, "ह्यास्ले कमी वाढा रे." आबांनी झेंड्याकडे पाहिलं. अण्णांनीही पाहिलं. दोघांनी बाह्या सारल्या.

पनीर आलं, मका आला, मग सळईवर अननस.

"अननसले भाजतस?" आबा म्हणाले. "त्यानी काय बिघाडेल व्हतं?"

"खावा याही, लाजू नका," अण्णा होणाऱ्या व्याह्यांना म्हणाले.

"तुम्हीच ल्या. तुम्हना पट्टाले आजून दोन भोकं शेतंस."

पट्ट्याची भोकं संपली तेव्हा अण्णांनी पट्टाच काढून टेबलावर ठेवला. आबांच्या सदऱ्याचं बटण उडालं ते थेट काउंटरवरच्या घंटीवर टण्णकन आदळलं, आणि ईश्वर "आलो, आलो!" करत आणखी एक ताट घेऊन आला. शेगडीत तिसऱ्यांदा कोळसा पडला. शेजारच्या टेबलावर पाच कुटुंबं जेवून उठली.

अण्णांचा चेहरा आता जांभळ्या वांग्यासारखा झाला होता. "अहो, पुरे करा ना," निर्मलाबाई कुजबुजल्या.

"पोरगाना बाप शे मी! मी पाडू झेंडा?"

इकडे ममताने टेबलाखालून आबांच्या डाव्या हाताला चिमटा काढला. "आबा, तुम्ही पाडा ना. मन्हासाठे."

आबांचा घास हातातच राहिला. आपण पाडला तर अण्णा म्हणणार, घराणं वजनात कमी. अण्णांनी पाडला तर ते जन्मभर धुसफुसणार, आणि ती धुसफूस भोगणार कोण? आपलीच पोर. नातीसाठी आबांनी जीव दिला असता, पण इथे जीव देऊनही उपयोग नव्हता. जीवात तर अननस भरला होता.

त्यांचा पाय खालच्या पिशवीला लागला. व्याह्यांकडे रिकाम्या हाताने जाऊ नये म्हणून शेतातली हिरवी वांगी, मिरच्या, लसूण आणला होता. आबा हसले.

"अरे, वांगं टोचाले एक बी सळई रिकामी नही!" असं म्हणत त्यांनी झेंड्याची काडी उपसली, झेंडा टोपीच्या घडीत खोवला आणि काडी वांग्यात खुपसून वांगं शेगडीवर धरलं.

ईश्वर ताट घेऊन मध्येच थांबला. टेबलावर झेंडा उभाही नव्हता, आडवाही नव्हता. असा नियम त्याला कुणी शिकवलाच नव्हता. त्याने ताट परत नेलं.

वांगं फुललं, साल तडकली. आबांनी वाटीत मिरच्या-लसणाबरोबर ते पेल्याच्या बुडाने ठेचलं. वास सुटला तसे हायवेवर सुरतकडे निघालेले सात ट्रक हॉटेलात वळले; आठवा नवापूरहून उलटा आला.

अण्णांनी बोटभर चाटलं. डोळे मिटले. बोट पुन्हा वाटीत गेलं.

"पोट ते कवयच भरनं," ते म्हणाले. "पन हाई खानं नही, हाई चाखानं शे."

"मंग, वजन कितलं भरनं?" आबांनी विचारलं.

"याही, काटाच मोडी गया! लगीननं भरीत तुम्हीच करशात ना?"

भूपेंद्र घाईघाईने पाणी प्यायला. पेला रिकामा होता. ममताने आबांचा हात घट्ट धरला, मघाशी चिमटा काढला होता तिथेच.

सगळे गाडीत बसले तोच ईश्वरला आबांच्या टोपीत ताठ उभा झेंडा दिसला. नियम तो नियम! बिचारा अननसाची सळई घेऊन गाडीमागे धावला आणि खिडकीतून ती देऊनच थांबला.

सांज व्हायच्या आत म्हसावदच्या पारावर प्रश्न तयार होता, "आबा, झेंडा कोनी पाडा?"

आबांनी आधी अननसाचा एक तुकडा तोंडात टाकला. मग टोपीकडे बोट दाखवलं.

"कोठे पडना? हाऊ काय, उभा शे!"

आणि तोंडात घास होता, म्हणून सगळ्यांनी खरं मानलं.