कार्डावरची रेघ

रविवारच्या दुपारी योगेंद्र दुकान बंद करून जेवायला घरी गेला आणि चष्मा विसरला म्हणून लगेच परत फिरला. वडनेरच्या बस थांब्याजवळ त्याचं किराण्याचं दुकान. मागच्या दारानं आत शिरतो, तर पोती तोलायच्या काट्यावर त्याची लेक दिपाली उभी. चपला काढलेल्या, कानातले डूलसुद्धा काढून तांदळाच्या पोत्यावर ठेवलेले.

"काय करून राह्यली वं?"

साडेदहा वर्षांची पोर दचकली. हातातली वही तिनं पाठीमागे लपवली. योगेंद्रनं ती हळूच काढून घेतली. शेवटच्या पानावर आठवडाभराच्या तारखा होत्या आणि प्रत्येक तारखेपुढे तिचं वजन. त्रेचाळीस किलोपासून सुरुवात, मग रोज थोडं थोडं कमी.

"डबा तं रोज रिकामा येते तुया."

"रस्त्यानं रोशनकाकाची बकरी राह्यते. तिले देऊन टाकतो."

मग सगळं बाहेर आलं. गेल्या सोमवारी शाळेत तपासणी झाली. वजन घेणाऱ्यानं सगळ्या वर्गासमोर आकडा मोठ्यानं वाचला. मागून कोणीतरी "लाडूबाई" म्हणालं आणि अख्खा वर्ग हसला. तेव्हापासून तिला रोज तेच नाव.

योगेंद्रनं वही मिटली. तो शब्द त्याचाच होता. शाळेच्या फाटकाशी तिला सोडताना तो रोज म्हणायचा, "जा माया लाडूबाई!" किती कौतुकानं म्हणायचा. पोरांनी तो तिथूनच उचलला होता.

दुसऱ्या दिवशी त्यानं दुकान उघडलंच नाही. तो आणि त्याची बायको ज्योत्स्ना दिपालीला घेऊन हिंगणघाटला लहान मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. ज्योत्स्नानं निघताना दिपालीचं लसीकरणाचं जुनं कार्डही पिशवीत टाकलं होतं.

बाईंनी पडद्याआड वजन-उंची घेतली, आणि आकडा आधी दिपालीच्या कानात सांगितला. पोरीला ते बरं वाटलं असावं, तिचे खांदे जरा सैल झाले. मग बाईंनी वक्र रेघांचा एक कागद समोर घेऊन त्यावर टिंब दिलं. ते सगळ्यात वरच्या रेघेच्याही वर पडलं.

"हा बीएमआय. उंचीच्या मानानं वजन किती, ते यावरून कळतं. नुसतं वजन अर्धीच गोष्ट सांगतं."

"म्हंजे वजन कमी करा लागंल?" योगेंद्रनं विचारलं.

"उपाशी तर मुळीच ठेवायचं नाही. अजून वाढायची आहे ती. वजन साधारण इथंच राहिलं आणि उंची वाढत गेली, की टिंब आपोआप खाली येईल. आणि एका टिंबावर काही ठरवू नका. दर तीन महिन्यांनी या, रेघ कुठं चाललीय ते बघू."

बोलता बोलता त्यांनी जुनं कार्ड उघडलं. दिपाली वाकून बघू लागली. त्यावर वजनाची एक रेघ तळाशी, फार कमी वजनाच्या लाल पट्ट्यात सुरू झाली होती.

"हे कोनाचं?"

"तुयंच," योगेंद्र म्हणाला.

मग तो सांगत गेला. जन्मली तेव्हा ती दीड किलोच्या जराशी वर होती. अंगणवाडीत तिथल्या सेविका रुख्माबाई तिला काट्याच्या झोळीत ठेवायच्या, आणि काटा हलेपर्यंत हा श्वास रोखून उभा राहायचा. एका महिन्यात वजन तिळमात्र वाढलं नाही, तर त्या दिवशी त्याला घास गेला नाही. पुढच्या महिन्यात तीनशे ग्रॅम वाढलं, तर सगळ्या अंगणवाडीला पेढे. दोन वर्षांनी ती रेघ हिरव्या पट्ट्यात शिरली.

"तेव्हाची भीती अजून गेलेली नाही तुमची," बाई हळूच म्हणाल्या.

योगेंद्रला एकदम सगळं दिसलं. तिसरी पोळी, वरून तूप, दप्तरात शेवेचं पाकीट, पोट भरलं म्हणाली तरी आणखी एक घास. इतकी वर्षं तो झोळीतल्या त्या लेकरालाच जेवू घालत होता. त्याचे डोळे भरून आले.

दिपालीनं त्या लाल पट्ट्यावरून बोट फिरवलं. "एवढीशी होती मी?"

"माया दोन तळहातात मावे तू."

परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली. योगेंद्र म्हणाला, "चुकलं मायं, बाई. लाडूबाई म्हननार नाई आता."

ती त्याच्याकडे वळली. "घरी म्हना. शाळेपुढं नोका म्हनू."

शेवेची पाकिटं दप्तरात जायची थांबली. मागितल्याशिवाय कोणी पोळी वाढेना. संध्याकाळी तासभर दुकान ज्योत्स्नाकडे देऊन बापलेक शेताच्या रस्त्यानं चालायला जाऊ लागले. पहिले काही दिवस दम बापालाच लागायचा, आणि ती थांबून त्याची वाट बघायची. पुढे ती शाळेत खो-खो खेळायला लागली. नावं ठेवणारी पोरं ठेवतच होती, पण आता तिच्याकडून उत्तर जायचं.

सहा महिन्यांनी वजन जेमतेम अर्धा किलो वाढलं होतं, उंची मात्र चार सेंटिमीटर. टिंब अजूनही वरच्या रेघेच्या वरच होतं, पण पहिल्यापेक्षा खाली उतरलं होतं. डॉक्टरीणबाईंनी तिन्ही टिंबं जोडायला पेन दिपालीच्याच हातात दिलं.

त्या रात्री जेवताना तिनं ताट पुढे केलं. "अर्धी पोळी अजून."

योगेंद्रचा हात पोळ्यांच्या डब्याकडे गेला आणि तिथंच अडला. त्यानं ज्योत्स्नाकडे बघितलं.

"भूक हाये बाबा, खरंच," दिपाली म्हणाली. "आज लई पळली मी."

त्यानं अर्धी पोळी तोडून तिच्या ताटात वाढली, आणि उरलेली अर्धी स्वतःच्या.