खुर्चीतली बाई

बायको जाऊन अकरा वर्षं झाली. एका सकाळी दाढी करताना लक्षात आलं, की तिचा चेहरा मला नीट आठवत नाही. आवाज आठवतो, चाल आठवते, चेहऱ्याच्या जागी मात्र काहीतरी पुसट. घरात पाच अल्बम, पण तिचा फोटो एकही नाही. कॅमेरा कायम तिच्याच हातात. कोणी तो तिच्याकडे वळवला, की तोंड झाकून घ्यायची. लग्नाचे फोटो घर बदलताना हरवले.

तोच कॅमेरा मी कपाटातून काढला. अगदी साधा, डब्यासारखा. एका रोलमध्ये बारा फोटो. एक काढला की चकती फिरवायची, मागच्या लाल काचेत पुढचा आकडा येतो. ती नाही तर नाही, निदान तिच्या बसण्याउठण्याच्या जागा टिपाव्यात, म्हणजे चेहरा आपोआप आठवेल, असं वाटलं. शाळेत मुलांकडून प्रयोगाची वही लिहून घ्यायचो, तशी वही केली. एक, खिडकीजवळची खुर्ची. दोन, स्वयंपाकघराचं दार. तीन, जिना.

रोल धुणारा फोटोवाला माझा जुना विद्यार्थी. पाकीट देताना हसला.

"सर, हौस दांडगी आहे तुमची. बाराच्या बारा फोटोंत तुम्हीच. काढले कोणी?"

घरी येऊन वहीशी ताडून पाहिलं. पहिल्या फोटोत मी उभा होतो, डोळ्याला कॅमेरा लावलेला, खुर्चीत बसलेल्या माणसाला दिसेन तसा. तिसऱ्यात वरच्या पायरीवरून दिसणारं माझं टक्कल. मी जिथे जिथे कॅमेरा रोखला, तिथूनच कुणीतरी माझा फोटो काढला होता.

दुपारपर्यंत एकेक फोटो पुन्हा पुन्हा वहीशी ताडत बसलो. मग मनात आलं, घाबरायचं कशाला? या घरात फोटो काढणारं एकच तर माणूस होतं.

मुलांना शिकवायचो तसं स्वतःला सावकाश समजावलं. कॅमेरा रोखावा एकीकडे, उमटतं त्याच्या उलट बाजूचं. म्हणजे ती हवी असेल, तर तो माझ्याकडे वळवायला हवा. नवा रोल घातला, खुर्चीसमोर बसलो आणि कॅमेरा हात लांब करून स्वतःवर रोखला. अकरा वेळा काही बोललो नाही. बाराव्याला राहवलं नाही.

"आता तरी नीट बस गं," मी म्हणालो.

अकरा फोटोंत खुर्चीवर एक बाई होती, तोंडासमोर कॅमेरा धरलेली. बाराव्यात कॅमेरा मांडीवर होता आणि ती सरळ माझ्याकडे बघत होती.

"या कोण, सर?" फोटोवाल्याने विचारलं.

"विसरलास? तुझ्या मॅडम."

तो पुन्हा फोटोत डोकावला. मग त्याने मान खाली घालून पाकीट बंद केलं.

आठ दिवस तो फोटो उशाशी होता. पाढे पाठ करावेत तसा मी तो चेहरा पाठ केला. अरुंद कपाळ, पातळ ओठ, हनुवटीवरचा तीळ. आता विसरणार नव्हतो.

रविवारी मुलगी आली. माझ्या औषधांच्या डब्या तपासता तपासता तिने फोटो उचलला.

"ही कोण, बाबा?"

"कोण म्हणजे? तुझी आई."

ती फोटो घेऊन खिडकीशी गेली.

"बाबा, ही आई नाही."

"उजेडात बघ जरा."

"उजेडातच बघतेय. या बाईला मी कधी पाहिलेलं नाही."

"मग आई कशी होती, सांग."

ती माझ्याजवळ येऊन बसली. लहान मुलाला सांगावं तसं तिने सांगितलं: कपाळ रुंद, भुवया जुळलेल्या, पुढच्या दोन दातांत फट. मी डोळे मिटले आणि एकेक गोष्ट जोडू लागलो. रुंद कपाळ घेतलं, ते अरुंद झालं. दातांपर्यंत आलो, तर पातळ ओठ मिटलेले.

"आठवली का?" मुलीने विचारलं.

मी हो म्हणालो. मिटल्या डोळ्यांसमोर ती खुर्चीतली बाई कॅमेरा उचलत होती.