फॉर्मची मागची बाजू

"साहेब, काल तुमच्या घरी भाजी कोणती होती?"

शाळेच्या सभागृहातल्या सगळ्या माना मुंगीकडे वळल्या. मागच्या बाकावरच्या दोघी मात्र तोंडात रुमाल कोंबून हसत होत्या, कारण पैज त्यांचीच होती. शेतीखात्याचे साहेब अनुदानाची माहिती द्यायला आले होते, आणि मुंगीने उभं राहून त्यांना हे विचारलं तर महिनाभर तिचं दप्तर त्या दोघी वाहणार होत्या. मुंगी हे नाव गेल्या वर्षीपर्यंत तिला शोभायचं. तेव्हा हजेरी देतानाही तिचा आवाज पहिल्या बाकापर्यंत पोचत नसे. यंदा वक्तृत्वात बक्षीस काय मिळालं, बाईसाहेबांच्या तोंडाला कुलूपच राहिलं नाही.

साहेबांनी डोकं खाजवलं. बटाटा, म्हणाले, आणि परवाही बटाटाच. टोमॅटोला हात लावायची सोय राहिलेली नाही.

सगळे हसले, पण मुंगी बसली नाही. पैज जिंकून झाली होती. आता तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, कारण तिच्याही घरी आठवडाभर बटाटाच चालला होता. मग अनुदान मक्यालाच का, टोमॅटोला का नाही?

साहेबांनी न चिडता समजावलं. मका साठवता येतो, टोमॅटो चार दिवसांत मान टाकतो. मका भरपूर आला की कोंबड्यांचं खाद्य स्वस्त, म्हणून अंडी स्वस्त. पण बियाणं आणि खत अर्ध्या किमतीत मिळतंय म्हटल्यावर जो तो बांधापर्यंत मकाच पेरू लागला. भाजी लांबून यायला लागली आणि तिचे भाव आभाळाला भिडले.

मुंगीला घरचं शेत आठवलं. दोन वर्षांपूर्वी आई भाजी लावायची तो जमिनीचा तुकडाही असाच मक्यात गेला होता. अनुदानाला किमान दोन एकर लागायचे, आणि त्यांचं शेत आईचा पाव एकर धरूनच दोन भरायचं. आईने तेव्हा झारी पुसून माळ्यावर ठेवली. दोन्ही वर्षी फॉर्म भरला होता मुंगीनेच, मोत्यासारख्या अक्षरात. आणि उद्या नांगरायला पुन्हा ट्रॅक्टर येणार होता.

तिने ते सगळं सभागृहासमोर सांगून टाकलं.

"दोन एकरांची अट गेल्या वर्षीच गेली, आता एक पुरतो," साहेब म्हणाले. "फॉर्मच्या मागे छापलंय. पण पान उलटतंय कोण?"

मुंगी कानाच्या पाळीपर्यंत लाल झाली. घरी मात्र ती पळतच आली.

आई बटाटे सोलत होती. मुंगीने साहेबांकडून आणलेला यंदाचा फॉर्म बाबांपुढे उलटा ठेवला. त्यांनी तो एकदा मनात वाचला, एकदा ओठ हलवत.

"लेक शिकलेली, म्हणून मी डोळे झाकून सही करत होतो," ते म्हणाले. मग जरा थांबून पुटपुटले, की तेवढा मका कमी होईल खरा.

आईने वर पाहिलं नाही, पण तिच्या हातातली सुरी थांबली.

मुंगी स्टुलावर चढली, माळ्यावरची झारी काढली आणि खाली न उतरताच जाहीर केलं, "बाबा, यंदा फॉर्म मी पावणेदोन एकरांचाच भरणार. पाव एकर आईचा. तिथे टोमॅटो लावणार आणि शाळेच्या आधी पाणी मी घालणार. ट्रॅक्टरवाल्या काकांना येताना सांगून आलेय, त्या कडेला फिरकायचं नाही."