दोन पानांचा माणूस

सैन्यातून रिटायर होऊन हिंदुराव सांगलीच्या एका कॉलेजात कॉम्प्युटरवर लागला, ते एकोणऐंशी साल. सी ही भाषा तो पुस्तकावरून आपली आपण शिकला. चुकायचा तेही मनापासून. कडेगाव भागातल्या जवानांची यादी छापायचं काम त्याच्याकडे होतं. नावापुढे तीन आकडे ओळीनं लिहायचे: जवानाचा नंबर, गावाचा आकडा, आणि शेवटी हजर असला तर एक, बेपत्ता असला तर शून्य.

त्याचे दाजी राजाराम एकाहत्तरच्या लढाईपासून बेपत्ता. थोरली बहीण चंद्राबाई आठ वर्षं रोज पंगतीत त्यांचं पान मांडत होती. आता दिरानं, नानासोनं, ठरवलं होतं: सोमवारी दर्भाचा पुतळा जाळायचा आणि वहिनीचं मंगळसूत्र उतरवायचं. त्याआधी यादीतलं नाव बघायला ती सांगलीला आली.

हिंदुरावानं लिहिलं: ४०११८, १, ०. कागद खडखडत आला. राजाराम. नंबर शून्य. गाव उणे पंचवीस हजार चारशे अठरा. हजर.

त्यानं प्रोग्रॅम ओळ न् ओळ तपासला. पुन्हा चालवलं. पुन्हा हजर.

कारण पुस्तकात सापडलं. बत्तीस हजार सातशे सदुसष्टपर्यंतचा आकडा मशीनच्या स्मृतीतल्या एका घरात मावतो. त्याहून मोठा साध्या दशमानात लिहिला, की मशीन आपणहून त्याला 'लाँग' ठरवून दोन घरं देतं. मागचे आकडे एकेक घर पुढे सरकतात. गावाचा एक हजेरीच्या जागी येऊन बसला होता, शेवटचं शून्य बाहेर पडलं होतं. तोच आकडा अष्टमानात, म्हणजे दहाऐवजी आठाच्या पटीत, ०११६२६६ असा लिहिला, की एकाच घरात बसतो. तसा लिहिला. ओळ आली: बेपत्ता.

एकानं दोन पानं अडवली की मागचे एकेक पान सरकतात आणि शेवटचा उपाशी, असा पंगतीचा दाखला देऊन त्यानं आक्काला सगळं समजावलं.

"माणूस त्योच न्हवं?" तिनं विचारलं.

"त्योच. लिवायची रीत येगळी."

"म्हंजी हजर हुते तवा त्यास्नी दोन पानं लागली."

"आक्का, ती चूक हाय गं."

"व्हय की," म्हणत तिनं पहिला कागद घडी करून कनवटीला लावला.

रविवारी दुपारी भावकी जेवायला जमली. माणसं अकरा, दाजींचं एक, अशी बारा पानं हिंदुरावानंच मांडली. हात धुऊन आला तर त्याला पान नाही. दहा जण बसले होते, आणि वरच्या अंगाला दोन पानं मोकळी. सगळे एकेक पान खाली सरकले होते. कुणी सरकवलं, कुणालाच सांगता येईना. आक्का आमटी वाढत होती.

त्या दोन्ही पानांवरचा भात कालवलेला होता.

नानासोचा घास हातातच राहिला. सोमवारी पुतळ्याचं कुणी नाव काढलं नाही.